जांभळ्या झाकणाची नळी

१२ जानेवारी

चि. मुंगीस,
आजीचे अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की कारण काही नाही, आनंद झाला म्हणून लिहायला बसले. तुझ्या बापाने परवा माझ्या कानाशी तोंड आणून ओरडून सांगितलं की तुला रक्तविभागाची मुख्य केली. मला ऐकू आलं नाही असं त्याला वाटलं, म्हणून पुन्हा ओरडला. मला पहिल्यांदाच ऐकू आलं होतं. पण परत परत ऐकायला बरं वाटत होतं, म्हणून मी आपली काय, काय, करत राहिले. शेवटी त्याचा घसा बसला तेव्हा मी म्हटलं, असं होय, छान झालं.

वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, रक्ताची डॉक्टर म्हणजे सुई टोचून रक्त काढते तीच का. मी म्हटलं, काढणाऱ्या वेगळ्या. ही त्या रक्ताला समोर बसवून विचारते की बाबा, तुला काय होतंय. बरोबर सांगितलं ना? चुकलं असलं तरी आता बदलता येणार नाही, सगळ्या जिन्यात तसंच सांगून झालंय.

तुझा बाप तेव्हा किती मागे लागला होता, की कातडीची डॉक्टर हो, खरजेसाठी कोणी झोपेतून उठवत नाही. तू ऐकलं नाहीस. आणि तुझे ते पेशंट, तू समोर उभी असताना विचारायचे की मोठे डॉक्टर कधी येणार. तो एक म्हातारा आठवतो का? त्याला तू म्हणालीस, मोठे डॉक्टर येईपर्यंत मी तपासते, आणि तो बरा होऊन घरी निघाला तरी नर्सला म्हणत होता की शेवटपर्यंत काही मोठे डॉक्टर आले नाहीत बुवा. आता तूच मोठी. आता कोणाची वाट बघतील?

दुसरी बातमी तुझ्या आईकडून कळली. तू म्हणे गुरांचा डॉक्टर पसंत केला आहेस. तुझा बाप जरा नाक मुरडून बसला होता, माणसांच्या डॉक्टरणीला माणसांचा मिळाला नाही का म्हणून. पण तुझ्या आईने तुमची ओळख कशी झाली ते लिहून दाखवलं आणि मी इतकी हसले की चष्मा काढून पुसावा लागला. त्याचं ते बघायचं यंत्र बिघडलं म्हणून काचेवर रक्ताचा थेंब घेऊन तुझ्याकडे आला काय, तू पेशंट कुठे आहे विचारलंस काय, आणि तो म्हणाला बाहेर खांबाला बांधलाय. मुंगे, असा माणूस हातचा घालवू नये. न बोलणाऱ्या जिवाचं दुखणं ओळखतो, म्हणजे तू गाल फुगवून बसलीस तर त्यालाच कळणार. तुझ्या आजोबांना ते कधी जमलं नाही.

मग घोडं कुठे अडलंय? तारीख विचारली की तू थांबा म्हणतेस. त्याच्या आईलाही थांबा, त्यालाही थांब. तुझी आई मला काही सांगत नाही, म्हातारीला धक्का बसेल म्हणते. या वयात मला धक्का बसायला जागा उरली आहे का कुठे? खरं काय ते लिही. आणि मोठ्या अक्षरात लिही. मागचं तुझं पत्र असं होतं की दुकानात दाखवून गोळ्या घ्याव्यात की काय असं मला वाटलं.

बाकी गुडघे आपल्या जागी आहेत, एवढंच. लोभ आहेच, तो कमी करू नकोस.

तुझी आजी


२१ जानेवारी

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

बघ, मोठ्या अक्षरात लिहिते आहे. एका ओळीत चार शब्द बसताहेत, त्यामुळे पाकीट जाड होईल.

जिन्यात तू सांगितलंस ते अगदी बरोबर आहे. आमच्या पुस्तकात इतकं सोपं लिहिलेलं नाही.

आता खरं काय ते. आईला धक्का बसला म्हणून तिला वाटतं सगळ्यांना बसेल. कॉलेजात दुसऱ्या वर्षी आम्ही एकमेकींच्या बोटाला टोचून रक्त बघायला शिकलो. तेव्हा माझ्या पेशी बारीक आणि फिकट दिसल्या. पुढे तपासलं तर मला थॅलेसेमिया मायनर आहे असं निघालं. घाबरू नकोस, हा आजार नाही. लाल रक्त कसं बनवायचं याच्या दोन सूचना प्रत्येकाला मिळतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. माझी एक नीट आहे, एक बिघडलेली. एका नीट सूचनेवर माझं छान चालतं, जिने चढते, राउंड घेते, भांडते. पण ज्याच्याशी मी लग्न करीन त्याचीही एक सूचना तशीच बिघडलेली असेल, तर आमच्या प्रत्येक मुलाच्या वेळी चारांत एक शक्यता अशी की त्याला दोन्ही बिघडलेल्याच मिळतील. अशा मुलाचं रक्त नीट बनतच नाही. त्याला जन्मभर दुसऱ्यांचं रक्त चढवत राहावं लागतं.

ही मुलं माझ्याकडे दर मंगळवारी येतात. त्यांच्यासाठीच मी भांडून दवाखान्यात मोठ्या खिडक्यांची खोली मिळवली. त्यांत एक मुलगी आहे, तिला आम्ही मंगळवारची राणी म्हणतो. कोणी कुठल्या खाटेवर बसायचं ते ती ठरवते. सुई टोचताना माझ्याकडे न बघता मला विचारते, तुमचं लग्न कधी आहे. रक्त चढवायच्या आधीच्या दिवशी ती इतकी दमलेली असते की चपलेचा पट्टा लावता येत नाही. रक्त चढलं की पुन्हा हुकूम सोडायला लागते.

मी त्याला सगळं सांगितलं आहे. त्याने लगेच बाही वर केली, म्हणाला घे रक्त. मी घेतलं. आमच्या त्या जांभळ्या झाकणाच्या नळीत भरलं, वर त्याचं नाव लिहिलं, आणि तपासायला पाठवलंच नाही. फ्रीजमध्ये पडून नळी फुकट गेली. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. आजी, नमुना वेळेवर पोचला नाही तर मी प्रयोगशाळेतल्या मुलींना फैलावर घेते. दर आठवड्याला लग्न ठरलेली जोडपी समोर बसवून मी त्यांना सांगते की आधी तपासा. आणि माझ्याच माणसाची नळी मी दोनदा सडवली. तो काही विचारत नाही, नुसता पुन्हा बाही वर करतो. त्याचंच मला जास्त लागतं.

कारण माझं ठरलं आहे. त्याचंही तसंच निघालं तर मी हे लग्न करणार नाही. मंगळवारी त्या मुलांना सुई टोचायची आणि घरी जाऊन तेच आपल्या मुलाच्या वाट्याला येऊ शकतं हे माहीत असून संसार मांडायचा, हे मला जमणार नाही. आणि नळी पाठवली नाही तोवर तो माझा आहे. इतकं साधं आहे हे.

बाबांना सांगू नकोस असं म्हणणार होते, पण आई एव्हाना बोललीच असेल.

तुझी वेडी,
मुंगी


२ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
आशीर्वाद, नेहमीपेक्षा जास्त.

पत्र वाचलं, मग शिक्षिकाबाईंकडून वाचून घेतलं, मग पुन्हा मी वाचलं. सूचनांचं समजलं. दोन विणकामाच्या सुया असतात आणि एक वाकडी असली तरी स्वेटर होतो, तसं. दोन्ही वाकड्या असल्या तर नाही होत.

तुझी आई बोलली. घरात काय झालं म्हणून सांगू. तुझा बाप म्हणाला आमच्या घराण्यात असलं काही नाही. तुझी आई म्हणाली आमच्याकडे तर मुळीच नाही. दोघं जेवताना एकमेकांना पाणीसुद्धा विचारेनात. तो पाण्याचा तांब्या मध्ये बिचारा एकटा. दोन दिवस बघितलं आणि मी उठून आपली गल्लीतल्या तपासणीवाल्या बाईकडे गेले. म्हटलं, माझं रक्त घे आणि बघ हे थॅलेसेमिया माझं आहे का. ती म्हणाली आजी, या वयात तुम्हाला कशाला. मी म्हटलं, घरात तांब्या अडलाय.

तर ऐक. माझंच निघालं. मी कागद आणून टेबलावर ठेवला आणि म्हटलं, घ्या, म्हातारीचं आहे, आता पाणी प्या. तुझ्या बापाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

मला राग यायला हवा होता का? मला तर बाई आनंदच झाला. तुझं नाक तुझ्या आईचं, उंची तुझ्या बापाची, हुशारी कोणाची ते कोणालाच माहीत नाही. मला वाटायचं माझं काहीच तुझ्यात आलं नाही. आणि आलं ते थेट रक्तातच आलं की. आणखी एक. मला जन्मभर सगळे पांढरीफटक म्हणायचे. प्रत्येक डॉक्टरने मला लोहाच्या गोळ्या दिल्या. मी इतकं लोखंड खाल्लंय की मला चुंबक चिकटेल. ती तपासणीवाली म्हणाली, आजी, असल्या रक्तात गोळ्यांनी रंग चढायचा नाही, तुम्ही आपल्या अशाच. म्हणजे मी आळशी नव्हते, तुझ्या पणजीने ऐकायला हवं होतं.

तुझी ती मंगळवारची राणी वाचून मला आमच्या धाकटीची फार आठवण आली. तिलाही असाच दम लागायचा. तुला तिचं कोणी सांगितलं नसेल. तुझ्या आत्यानंतरची. जन्मली तेव्हा गुबगुबीत होती, मग सहा-सात महिन्यांपासून पांढरी पडत गेली. पोट मोठं झालं, डोळे पिवळसर, कपाळ असं पुढे आलेलं. डॉक्टर म्हणाले जंत. चालून दमायची म्हणून तुझ्या आजोबांनी फळीला चाकं लावून तिला गाडी करून दिली होती. त्या गाडीत बसून ती तुझ्या बापाला ओढायला लावायची आणि तो थांबला की काठीने टोचायची. चौथं लागलं आणि गेली. माझ्या सासूबाई म्हणाल्या माझं दूध पातळ होतं. त्या काही वाईट नव्हत्या, त्यांना काहीतरी कारण हवं होतं आणि माझं दूध जवळ होतं. असो. कुठल्या कुठे गेले बघ. तू आणि तुझी नळी यांचं काय झालं ते कळव.

शिक्षिकाबाई तुला नमस्कार सांगतात आणि त्यांच्या भावाची पित्ताची तक्रार विचारतात. मी सांगितलं ते तुझं खातं नाही.

तुझी रक्ताची नातलग,
आजी


७ फेब्रुवारी

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

पत्र दवाखान्यात मिळालं. वाचून मी दार लावून बसले. तू हे मला कधीच सांगितलं नव्हतंस.

मी डॉक्टर म्हणून लिहू की नात म्हणून, ते ठरत नव्हतं. तुला अंधारात ठेवून मला चैन पडणार नाही, म्हणून लिहिते. मी तिला पाहिलं नाही, त्यामुळे शपथेवर सांगू शकत नाही. पण तू लिहिलंस ते पोट, ते डोळे, ते कपाळ, सहा महिन्यांनंतरचं पांढरं पडणं, हे सगळं मी दर मंगळवारी बघते. तुला मायनर आहे हेही आता माहीत आहे. आजी, धाकटीला थॅलेसेमिया असणार, मोठा, मेजर. म्हणजे आजोबांच्या रक्तातही तुझ्यासारखंच होतं. तुम्हा दोघांनाही कळायचा मार्ग नव्हता.

तुझ्या दुधाचा काही संबंध नव्हता. हे मी मुख्य डॉक्टर म्हणून लिहिते आहे, खाली सही करते आहे. दूध पातळ नव्हतं. जगातल्या कुठल्याही आईचं दूध तिला वाचवू शकलं नसतं. रक्त वाचवू शकलं असतं, आणि ते तेव्हा तुमच्या जवळपास कुठे मिळत नव्हतं.

तुला दुखवलं असेन तर मला रागाव. पण पत्र पाठव.

तुझी,
मुंगी


१५ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
आजीचे आशीर्वाद.

रागावले नाही. उत्तराला उशीर झाला कारण मी पत्र घेऊन फिरत होते. स्वयंपाकघरात नेलं, गॅलरीत नेलं, पुन्हा आत आणलं. तुझ्या आईला वाटलं माझं काही हरवलंय. मग तुझ्या आत्याला बोलावून घेतलं आणि तिला ती ओळ वाचायला लावली, दूध पातळ नव्हतं, ही. ती म्हणाली, आई, तू एवढी वर्षं हे धरून बसली होतीस? मी म्हटलं, धरून कुठे, ते आपलं आपणच चिकटून होतं. रडलेही. पण तुला कसं सांगू, जड गोणी पाठीवरून उतरली की पाठ दुखायला लागते ना, तसलं ते रडणं.

तुझ्या आजोबांचं वाईट वाटतं. ते सुतार. बिघडलेली वस्तू दुरुस्त झाली नाही तर त्यांना झोप यायची नाही. धाकटी गेल्यावर त्यांनी ती गाडी मोडली नाही, कोणाला दिलीही नाही, तिची चाकं काढून तेल लावून ठेवली. मला तेव्हा राग आला होता, की पोर गेली आणि हा माणूस चाकांना तेल लावतो. आता वाटतं, दोघांचं मिळून होतं हे त्यांना कळलं असतं तर आम्ही एकमेकांशी थोडं बोललो असतो.

आता तुझं. मुंगे, मी शाळा शिकले नाही, मुलांच्या पाट्या पुसता पुसता अक्षरं उचलली. तेव्हा तुझ्या शास्त्रात बोलत नाही. पण आम्हाला कोणी विचारलंच नव्हतं ग. आमच्यापुढे काही ठेवून, बघायचं की नाही, असं कोणी म्हटलं नाही. तुझ्यापुढे ठेवलंय आणि तू फ्रीज बंद करून बसली आहेस. नळी नासवलीस म्हणून त्याचं रक्त बदलत नाही. ती नळी पाठव. त्याला न बघता सोडू नकोस आणि न बघता धरूही नकोस.

तू लिहिलंस की तसंच निघालं तर लग्न करणार नाही. ते तुझं तू ठरव, मी कोणाच्याच बाजूने बोलत नाही. मी फक्त स्वतःला विचारून पाहिलं. म्हटलं, तेव्हा कळलं असतं तर मी यांना नको म्हटलं असतं का? तर नसतं म्हटलं. मग विचारलं, धाकटी आलीच नसती तर बरं झालं असतं का? तिचे हाल आठवले की होय येतं. तिचं काठीने टोचणं आठवलं की नाही येतं. बराच वेळ बसले, पण एक उत्तर काही मिळालं नाही. तुलाही मिळणार नाही. पण हे विचारायला तू त्याच्याशेजारी बस, एकटी बसू नकोस. मी एकटी बसले होते, ते काही बरं नसतं.

आणि एवढीशी जांभळ्या झाकणाची नळी, तिला काय घाबरायचं. तू लहान असताना झुरळ चपलेने मारायचीस.

तुझ्या निरोपाची वाट बघणारी,
आजी


४ मार्च

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

नळी पाठवली. या वेळी मी हातात घेऊन स्वतः प्रयोगशाळेत गेले, म्हणजे वाटेत फ्रीज लागायला नको.

त्याचंही तसंच आहे. त्यालाही मायनर.

मी त्याला बोलावलं आणि ठरवलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं, की आपण इथेच थांबू. त्याने खुर्ची यंत्राजवळ ओढली. म्हणाला, आधी मला माझ्या पेशी दाखव. यंत्राला डोळा लावून बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, बकरीच्या रक्तात अशाच बारीक पेशी असतात, आणि बकरी दिवसभर मजेत चरते. मला हसायचं नव्हतं.

मग त्याने विचारलं, माझ्यासमोर अशी जोडपी बसतात, दोघांचंही असं निघालेली, त्यांना मी काय सांगते. मी सांगितलं, ते वेगळं. तो म्हणाला, असेल, पण मला सांग, मी आलो आहे असं समज. म्हणून मी माझ्या खुर्चीत बसले आणि तो पेशंटच्या स्टुलावर, आणि मी नेहमीचं बोलायला लागले. की यात तुमचा दोष नाही. की लग्नाला आडकाठी नाही. की मूल हवं असेल तर दिवस राहिल्यावर सुरुवातीलाच गर्भाची तपासणी करता येते, पण उत्तर वाईट आलं तर पुढचा निर्णय सोपा नसतो, तो आधी बोलून ठेवा. की काही जोडपी दत्तक घेतात, काही दोघंच राहतात, आणि नीट राहतात. आजी, हे मी इतक्या वर्षांत इतक्यांना सांगितलं आहे की शब्द पाठ आहेत. ते माझ्यासाठीही आहेत हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मध्येच माझा आवाज गेला. तो स्टुलावरून म्हणाला, डॉक्टर, आम्हाला घाई नाही, सावकाश सांगा.

आम्ही लग्न करतो आहोत. मुलांचं काहीच ठरलेलं नाही. कदाचित दत्तक घेऊ, कदाचित ती तपासणी करू, कदाचित दोघंच. त्याच्या आईला त्याने सांगितलं. नंतर त्यांनी फोन करून मला विचारलं की जेवलीस का.

मंगळवारच्या राणीला सांगितलं. ती म्हणाली, चला, एकदाचं झालं, आणि सुईसाठी हात पुढे केला.

तुला मात्र सांगायला मन धजत नव्हतं. तुझ्या मांडीवर पणतवंड येईलच असं मी तुला कबूल करू शकत नाही.

तुझी,
मुंगी


१३ मार्च

चि. मुंगीस आणि चि. गुरांच्या डॉक्टरांस,
दोघांना एकत्र आशीर्वाद, पाकीट एकच आहे म्हणून.

पणतवंडाचं काय घेऊन बसलीस. माझ्या मांडीची अवस्था बघितली आहेस का? त्यावर आता मांजरही टिकत नाही. मला तू हवी आहेस, आणि तुझ्या घरी यायला मिळालं, तिथे कोणी मोठ्याने बोललं, की माझं भागलं. दत्तक आणलंत तर मी त्याला विणायला शिकवीन. दोघंच राहिलात तर तुम्हाला शिकवीन. पोटात घेऊन तपासायचं ठरवलंत तर तेव्हा मला बोलव. सल्ला द्यायला नाही, शेजारी बसायला.

बकरीचं वाचून तुझा बाप आधी गंभीर झाला, मग त्याला ठसका लागेपर्यंत हसला. जावई त्याला पसंत आहे. तसं तो कबूल करणार नाही, पण काल शेजाऱ्याच्या कुत्र्याला बरं नाही कळल्यावर म्हणाला, आमच्या घरात डॉक्टर आहे, विचारतो.

आता एक केलंय ते सांगते, रागावू नकोस. तुझ्या पत्रानंतर मी सगळ्यांना गोळा केलं. तुझा काका, तुझा बाप, आत्या, तुझी चुलत भावंडं, त्यांतली दोन लग्नाच्या वयाची आहेत. म्हटलं, बाह्या वर करा. काका म्हणाला त्याला कशाला, त्याचं वय झालं. मी म्हटलं, तुझी मुलं आहेत ना, बस. अशी आमची वरात त्या तपासणीवाल्या बाईकडे गेली. खुर्च्या पुरल्या नाहीत, काका जिन्यात बसला. तुझ्या बापाने डोळे मिटून घेतले आणि सुई निघाली तरी उघडले नाहीत, ती बाई म्हणाली साहेब, झालं, तरी मिटलेलेच.

माझं झालेलं होतं, पण ती घराण्याची माहिती लिहून घेत होती म्हणून मला पुढे बसवलं. नवऱ्याचं विचारलं, मी सांगितलं. मग म्हणाली, आजी, मुलं किती?

मी म्हटलं, चार.

तुझा काका जिन्यातून आत आला. आत्याने माझा हात धरला. तुझ्या बापाने तेव्हा कुठे डोळे उघडले. ती बाई खोलीतली माझी मुलं मोजून म्हणाली, इथे तर तिघंच दिसतात. तुझा बाप म्हणाला, धाकटी आमची गेली, लहान होती, मी तिची गाडी ओढायचो. इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून मी हे पहिल्यांदा ऐकलं, आणि त्यासाठी त्याला ओरडावं लागलं नाही.

तारीख लवकर कळवा, मला चपला घ्यायच्या आहेत. दोघंही एकमेकांवर आणि उरला तर माझ्यावर लोभ ठेवा.

तुझी आणि आता त्याचीही,
आजी